आण्णांचा मकोला

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांपासून डावीकडे तिसऱ्या रांगेत मासळीबाजार भरतो. धुरावर वाळवलेल्या माशांच्या टोपल्या, त्यांच्यामागे बसलेल्या बायका, वर एक विटकी निळी छत्री. पुढच्या रांगेत मणी. काचेचे, मातीचे, हाडाचे, दोऱ्यात ओवून टांगलेले. मग टोमॅटोचे ढीग, मग याम नावाचा कोनफळासारखा कंद, मग साबणाचे काळे गोळे, आणि अगदी शेवटी, जिथे पाइनची झाडं सुरू होतात तिथे, कापडाची गल्ली. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या इतर लोकांना तिथे फक्त गाड्या दिसतात. मला दोन्ही दिसतं. सकाळी धुकं असलं की गाड्या कमी आणि बाजार जास्त दिसतो.

ही सवय मला आण्णांनी लावली. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी आण्णांवर लिहा, असा निनादचा फोन आला. निनाद पुण्याचा, इथे आयटीत आहे, आणि यंदा मंडळाचा सेक्रेटरी. "सर, तुम्हीच लिहा. तुम्हीच सगळ्यात क्लोज होतात त्यांना," असं तो म्हणाला. मी नागपूरच्या एका शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून इथे सगळे मला सर म्हणतात. पहिला मजकूर मी दोन दिवसांत लिहिला. गोड होता. तो फाडला आणि हा लिहितो आहे. आण्णांना शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं, असं या गावात सगळे समजतात. तसं नव्हतं. ते तसं का समजलं गेलं, हे परवापरवापर्यंत माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पण आधी आण्णा.

आण्णा मूळचे इचलकरंजीचे. वडील मागावर होते, त्यामुळे कापड बोटांना कळायचं. तरुणपणी एका सिंधी व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी धरून ते घानाला, आक्रा शहरात गेले, आणि पंचवीस वर्षं राहिले. पेढी मकोलाच्या तोंडाशी होती. मकोला म्हणजे आक्राच्या मध्यावरचा बाजार. आण्णा सांगत, की तो बाजार बायकांचा. दुकानं बायकांची, माल बायकांचा, भांडणं मिटवायलाही बायकाच. प्रत्येक मालाची एक राणी. टोमॅटोची राणी वेगळी, मासळीची वेगळी. तिनं सांगितल्याशिवाय त्या मालाचा भाव हलत नसे.

"आणि तुम्ही काय करत होतात तिथे?" असं मी पहिल्या भेटीत विचारलं होतं. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात आम्ही शेजारी बसलो होतो.

"मी नावं आणायचो," आण्णा म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण ती खरोखरच त्यांची नोकरी होती. गिरणीतून नव्या छापाचं कापड आलं, की त्याला गिरणीचा एक नंबर असायचा. नंबरावर कापड विकलं जायचं नाही. मकोलातल्या बायका आधी त्याला नाव द्यायच्या, मग ते खपायचं. आण्णांनी नमुन्याचं दोन वार कापड काखेत घेऊन आंटी आबेना नावाच्या बाईच्या ओट्यावर जायचं आणि नाव मिळेपर्यंत बसून राहायचं. कधी तासाभरात नाव यायचं, कधी तीन आठवडे लागायचे.

"अहो, गिऱ्हाईक दुकानात येऊन मागणार काय?" ते म्हणाले. "ते निळं, गोलगोल असलेलं द्या? असं कोण मागतं? नावानं मागतात. 'माझा नवरा माझ्याआधी उठतो' आहे का? 'पाहुणे अजून गेले नाहीत' सहा वार द्या. शेजारणीशी भांडण झालं, की बाई तोंडानं काही बोलायची नाही. जे बोलायचं त्या नावाचं कापड नेसायची आणि शेजारणीच्या दारावरून दोनदा जायची. बास!"

एवढं सांगून ते समोरच्या हळदीकुंकवाकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "ती जांभळी साडी, हिरव्या काठाची. तिचं नाव 'व्हिसा आला'."

त्यानंतर मंडळात हा खेळच झाला. बायका नवी साडी नेसून आधी आण्णांसमोर येऊन उभ्या राहायच्या. "आण्णा, हिचं काय?" आण्णा पदराचं टोक चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे, वेळ घ्यायचे. एकीचं ग्रीन कार्ड बरीच वर्षं अडकलं होतं. तिच्या साडीला त्यांनी 'अजून थोडे दिवस' असं नाव दिलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. निनादच्या एका कुर्त्याला त्यांनी 'मॅनेजर रजेवर' म्हटलं. तो तेव्हा नवा होता, एकटा होता. तो कुर्ता त्यानं कोपरं विरेपर्यंत घातला.

भेटलेल्या माणसाला ते जन्मवार विचारत. तिथे वारावरून नाव पडतं. मी बुधवारचा, म्हणून मी क्वाकू. भर दुकानात, पलीकडच्या टोकावरून, "क्वाकू, चांगल्या भेंड्या इकडे आहेत!" अशी हाक यायची, आणि मी, शाळेत ज्याच्या चपलांचा आवाज आला की वर्ग गप्प व्हायचे तो मी, मुकाट्यानं भेंड्यांकडे जायचो.

त्यांच्याबरोबर दुकानात जाणं म्हणजे संकटच होतं. स्वतःच माल स्कॅन करून पैसे भरायची यंत्रं रिकामी असली, तरी आण्णा माणूस बसलेल्या काउंटरच्याच रांगेत उभे राहणार. नंबर आला, की पिशवीला हात लावण्याआधी त्या मुलीला विचारणार, "हाऊ इज युवर मदर?" मकोलात घरच्यांची चौकशी केल्याशिवाय मालाला हात लावणं म्हणजे उद्धटपणा. मागे रांग खोळंबलेली. मी छताकडे बघायचो. ती मुलगी पहिल्या दिवशी गोंधळली. दुसऱ्या खेपेला तिनं सांगितलं, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर आण्णा गुडघ्याची चौकशी करू लागले, आणि पुढे एकदा मी एकटाच गेलो तर तिनं मला विचारलं, "तुमचे मित्र कुठे आहेत? त्यांना सांगा, आई चालायला लागली."

पार्किंग लॉटमधला बाजार त्यांनी इथे आले त्या पहिल्याच वर्षी मांडला. ते आणि त्यांची मुलगी वैशाली आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये. ती एका औषध कंपनीत शास्त्रज्ञ. ती कामाला गेली, की आण्णा छत्री घेऊन खाली उतरायचे आणि रांगांमधून चालायचे. ऊन असो, नसो. मार्च-एप्रिलमध्ये इथे पाइनचे पराग उडतात आणि गाड्या, रस्ते, कठडे सगळ्यांवर पिवळा थर बसतो. त्या दिवसांत ते खुशीत असत. म्हणत, "आज हरमॅटन सुटलाय." हरमॅटन म्हणजे वाळवंटाकडून येणारा धुळीचा वारा. त्यात सूर्य पांढरा दिसतो आणि माणसं लांबून पाण्यातून चालल्यासारखी येतात.

"क्वाकू, हळू. टोमॅटोवर पाय पडेल."

मी पाय उचलायचो. सुरुवातीला त्यांचं मन राखायला, नंतर खरोखर टोमॅटो असल्यासारखा. मागून एखादी गाडी हॉर्न द्यायची. आण्णा बाजूला होऊन मला ओढायचे. "वाट द्या. हमालाच्या डोक्यावर ओझं आहे." गाडीतली मुलगी हात हलवायची, आण्णा छत्री हलवायचे. डोळे मिटूनही ते सांगू शकत, की आता आपण कुठल्या ओट्यासमोर आहोत. मी परीक्षा घ्यायचो. मास्तरच शेवटी. मंगळवारी विचारलेलं शुक्रवारी पुन्हा विचारायचो. एकदाही ओटा बदलला नाही.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्यांची स्मृती तशी होती.

फक्त कापडाच्या गल्लीपाशी ते थबकायचे. झाडांच्या अलीकडे उभे राहून परत फिरायचे. एकदा मी विचारलं, "पुढे काय आहे?"

"पुढे काही नाही. पाडला ना बाजार."

सैनिकांची सत्ता आली होती. या बायकांनी माल दडवल्यामुळेच महागाई झाली, असं वरच्यांचं म्हणणं. एक दिवस सुरुंग आणि बुलडोझर लावून जुना बाजार जमीनदोस्त केला. आण्णा दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तिथे नुसतं मैदान होतं आणि हवेत विटांची धूळ.

"आणि रस्त्याच्या पलीकडे आंटी आबेना उभी. डोक्यावर परात. परातीत घडी घातलेलं एकच कापड. सगळी गल्ली गेली आणि तिच्याकडे ते एवढंच उरलं होतं. मला बघून म्हणाली, 'काय रे, नमुना आणलास का?'"

"मग?"

"मग काय! आणला नव्हता," आण्णा म्हणाले. "मला वाटलं, आता कसला नमुना. फार लाज वाटली हो."

पलीकडच्या रस्त्यांवर बाजार पुन्हा उभा राहिला, आजही आहे, पूर्वीपेक्षा मोठा. पण आण्णांच्या पायांना जुनाच ठाऊक होता.

आता सुमनवहिनींचं. त्या आण्णांच्या पत्नी. लग्न होऊन वयाच्या बाविसाव्या वर्षी आक्राला गेल्या आणि सहा महिन्यांत आण्णांपेक्षा चांगली बाजारची भाषा बोलू लागल्या. त्यांची एक लकब होती. भावावरून हुज्जत घालायची, जमलं नाही की पिशवी उचलून चालू लागायचं, दहा पावलं जायचं आणि मग हसत मागे वळायचं. त्या वळणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तरी हातातलं काम टाकून सगळ्याजणी बघत राहायच्या. त्या वळल्या की हशा, आणि हशात भाव ठरायचा.

त्या तापानं गेल्या. आठ दिवसांत. वैशाली तेव्हा सहा वर्षांची. आण्णांनी तिला इचलकरंजीला बहिणीकडे पाठवलं आणि स्वतः तिथेच राहिले. तीन महिन्यांनी नव्या छापाचं कापड आलं. आण्णा नमुना घेऊन आंटी आबेनाच्या ओट्यावर गेले. तिनं घडी उलगडली आणि एक मिनिटसुद्धा घेतलं नाही. उभी राहिली, कापड दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं नाव सांगितलं. 'सुमन वळली.'

"ते खूप खपलं," आण्णा म्हणाले. "पुढे तर लांबलांबच्या खेड्यांतल्या बायका यायच्या. त्यांना सुमन कोण हे काय माहीत! दुकानात येऊन विचारायच्या, 'सुमन वळली' आहे का? आणि मी म्हणायचो, आहे."

त्यातलं सहा वार त्यांनी ठेवलं होतं. तीस-चाळीस वर्षं, पेटीच्या तळाशी. वैशालीला कापडाला आईचं नाव पडल्याचं माहीत होतं. ते कापड घरात आहे, हे माहीत नव्हतं.

"तिला आई आठवत नाही," ते मला म्हणाले. "तिच्या लग्नात देणार होतो. धीर झाला नाही. यंदा गणपतीत देणार. नाव सगळ्यांसमोर ठेवतात, मग कापडही सगळ्यांसमोरच द्यायला हवं." मी तेव्हा स्मरणिकेचा संपादक आणि कार्यक्रमाचा सूत्रधार. घरात वैशालीच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ते माझ्याकडे ठेवायला दिलं.

मी इथे नोंद करतो. गणपतीच्या आदल्या मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, आण्णांनी माझ्या दारात उभं राहून ते कापड पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. मी म्हणालो, "निर्धास्त राहा."

पिशवी मी पॅसेजमधल्या कपाटात ठेवली. तिथे तशीच आणखी एक पिशवी होती. आमच्या इंडियन ग्रोसरीच्या सगळ्या पिशव्या सारख्याच. तिच्यात माझ्या पत्नीच्या जुन्या साड्या होत्या. तिला जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. आपल्या मंडळाची रीत तुम्हाला माहीत आहे, मखराचा मागचा पडदा घरोघरच्या जुन्या साड्यांचा करतात. निनाद तेव्हा सजावट बघायचा. तो दारात आला. "सर, बॅकड्रॉपला कापड कमी पडतंय. काकूंच्या साड्या देतो म्हणाला होतात ना?"

मी कपाट उघडलं आणि पिशवी दिली. उघडून पाहिली नाही. त्या साड्यांकडे बघायचं नव्हतं मला.

प्रतिष्ठापनेच्या आरतीला मी पुढे उभा होतो. टाळ्या वाजवताना नजर मूर्तीच्या मागे गेली. थर्मोकोलवर कापडाच्या पट्ट्या चुण्या घालून स्टेपल केल्या होत्या. माझ्या पत्नीची तशी एकही साडी नव्हती.

"कसलं भारी प्रिंट दिलंत सर!" निनाद आरतीनंतर म्हणाला. "कापायला जिवावर आलं यार. पण पट्ट्या केल्याशिवाय कमानीत बसेना."

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. आण्णांना सांगितली असती, तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि त्यांनी मला माफ केलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आण्णांना त्या दिवशी सर्दी होती, ते आले नव्हते. त्यांच्या कार्यक्रमाला पाच दिवस होते. दुसऱ्या सकाळी मी निनादला म्हणालो, "देवामागे हे भडक दिसतं, बदलून टाक." त्यानं सोनेरी कागद लावला. उतरवलेल्या पट्ट्या मी स्वतः उचलल्या, हॉलच्या मागे गेलो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. झाकण लावलं. निदान तेवढे तुकडे तरी मी ठेवायला हवे होते. आजही मला तेच सगळ्यात जास्त लागतं.

त्या पाच दिवसांत आण्णांचा रोज फोन यायचा. "क्वाकू, इस्त्री करू नका हं. घड्या तशाच राहू द्या."

"नाही करत," मी म्हणायचो.

शनिवारी हॉलमध्ये दीडशे माणसं होती. तुमच्यापैकी बरेच होतात. निनाद मागे जेवणाचे ट्रे लावण्यात गुंतला होता, त्यानं काही ऐकलं नाही. आण्णा माइकपाशी उभे राहून सुमनवहिनींचं सांगत होते. हॉलमध्ये एकही मूल रडत नव्हतं. वैशाली दुसऱ्या रांगेत बसून डोळे पुसत होती. "कापड कसं होतं ते सांगत नाही," आण्णा म्हणाले. "बघाच. क्वाकू, आणा."

मी उभा राहिलो. या हॉलमधली निम्मी माणसं भेटली की माझ्या पाया पडतात, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"आण्णा, तुम्ही मला काही दिलं नव्हतं."

ते हसले. "दिलं ना. पांढऱ्या पिशवीत. मंगळवारी."

"देईन म्हणाला होतात. दिलं नाहीत."

माझा आवाज अगदी शांत होता. शाळेत चाळीस वर्षं कमावलेला आवाज. आण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग आपल्या हातांकडे. कुठून तरी, "बिचारे," असं ऐकू आलं. वैशाली स्टेजवर गेली आणि तिनं त्यांचा दंड धरला.

"बाबा, चला. बसा जरा."

"अगं, पण मी त्यांच्या दारात..."

"बाबा, इट्स ओके. चला."

मग मीच माइक घेतला आणि पुढच्या गाण्याची घोषणा केली.

वैशालीला आधीपासून धास्ती होतीच. वडील पार्किंग लॉटमध्ये नसलेल्या वस्तूंची नावं घेत फिरतात, असं शेजारच्या कुणी तरी तिला सांगितलं होतं. आता तिची खात्री पटली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आण्णांनी घड्याळाचं चित्र बरोबर काढलं, उलटे आकडे बरोबर म्हटले आणि डॉक्टरांना त्यांचा जन्मवार विचारला. वय आहे, लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. तिनं लक्ष ठेवलं. दाराला अलार्म बसला. एकट्यानं खाली उतरायचं नाही, शेगडीला हात लावायचा नाही. तिचं काही चुकलं नाही. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

मंडळात ते येत, पण साड्यांना नावं देईनात. कुणी विचारलं तर पदर हातात घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "नाही येत आता." काही सांगायला सुरुवात केली, की मध्येच थांबून वैशालीला विचारत, "हे मी आधी सांगितलंय का गं?"

दोनेक महिन्यांनी, पानं झडायला लागली होती, तेव्हा वैशाली त्यांना माझ्याकडे घेऊन आली आणि खाली गाडीत थांबली. ते आत आले नाहीत. दारातच उभे राहिले. त्याच दारात.

"क्वाकू, मी तुम्हाला दीडशे माणसांत कमीपणा आणला," ते म्हणाले. "खूप विचार केला. डोकं साथ देत नाही हो माझं. ते कापड मी इकडे आणलंच नसणार. आक्रातच राहिलं असेल. पण मला अजूनही तुमच्या हातात दिल्यासारखं दिसतं, म्हणजे बघा किती बिघडलंय. माफ करा मला."

मी म्हणालो, "अहो, वयानं होतं असं."

हे वाक्य मी उच्चारलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ते जिना उतरले. त्यानंतर दोन वर्षं ते होते. मी भेटायला जायचो. ते खिडकीशी बसलेले असत, खाली पार्किंग लॉट. मी एकदा विचारलं, "तिसऱ्या रांगेत काय हो, आण्णा?" मला ऐकायचं होतं. ते खाली बघून म्हणाले, "गाड्या."

गेल्या रविवारी मी वैशालीकडे गेलो. तिनं चहा टाकला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मंगळवार, पिशवी, कपाट, पट्ट्या, डबा, आणि दारातली माफी. तिनं चहा उतू जाऊ दिला. मग गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"दोन वर्षं काका," ती म्हणाली. "रोज विचारायचे, हे आधी सांगितलंय का. आणि मी म्हणायचे, हो बाबा. ऐकायच्या आतच म्हणायचे. मीटिंगला उशीर होत असायचा. ते नवीन सांगत असतील. काय काय सांगायचं असेल."

"तू मला वाटेल ते बोल," मी म्हणालो.

"बोलून काय करू? तुम्ही ब्याऐंशी वर्षांचे." तिनं फडक्यानं ओटा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होती. "लिहा हे. सगळं. तुमच्या नावानं छापा. ज्यांनी त्या दिवशी त्यांना बिचारे म्हटलं, त्यांना वाचू दे."

"लिहितो."

मी निघायला वळलो, तेव्हा तिनं विचारलं, "कसं होतं ते?"

"काय?"

"कापड. बाबांनी कधीच सांगितलं नाही. दाखवीनच म्हणायचे."

मी खुर्ची ओढून बसलो. ते कापड कुठलं हे ठाऊक असून ते पाहिलेला मी एकटाच उरलो होतो. मी म्हणालो, "जमीन गडद निळी, शाईसारखी. त्यावर पक्षी. मोहरीच्या फुलासारखे पिवळे. पायांशी लाल ठिपके, दाणे सांडल्यासारखे. पक्षी चाललेत पुढे आणि मान मागे."

तिनं डोळे मिटले होते. "मान कुठल्या बाजूनं वळलेली? उजव्या की डाव्या?"

मला काहीही सांगता आलं असतं. तिनं मानलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पिशवी मी उघडलीच नाही. मी पाहिलं तेव्हा ते कापलेलं होतं. एका पट्टीवर धड, दुसरीवर मान. अख्खा पक्षी मी पाहिलाच नाही, वैशाली."

टपालात आलेलं एक पाकीट तिनं टेबलावर उलटं ठेवलं आणि माझ्यासमोर पेन सरकवलं. "जेवढं पाहिलं तेवढं काढा."

मला चित्र काढता येत नाही. मी आधी उभ्या रेषा मारल्या, पट्ट्यांच्या. मग एकेका पट्टीत आठवेल तेवढं भरू लागलो. एक पाय, दोन ठिपके, चोचीचं टोक. वैशाली शेजारी येऊन बसली. तिनं चष्मा लावला आणि कागद स्वतःकडे थोडा वळवून घेतला.